परदेशात मनमानीपणे अडकवलेल्या नातेवाइकासाठी सरकारकडे पाठपुरावा कसा करावा

परदेशातल्या सरकारने आपल्या माणसाला पकडून ठेवले आहे, ही गोष्ट घरच्यांना अधिकृत पत्राने क्वचितच कळते. बहुधा आधी व्हॉट्सअ‍ॅपवरची एकच करडी खूण दोन दिवस तशीच राहते, मग त्याचा एखादा सहकारी चाचरत फोन करतो, आणि त्यानंतर धरमपेठेतल्या किंवा मनीषनगरातल्या त्या घरातून दहा जण एकाच वेळी दहा ठिकाणी फोन लावू लागतात. मी तीस वर्षे एका सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळली आणि निवृत्तीनंतर ओळखीच्या लोकांची निवेदने लिहून देतो. त्या अनुभवावरून एवढे खात्रीने सांगतो की सुटका शेवटी सरकारच करते; पण ती कोणत्या सरकारने करायची हे ओळखणे आणि त्या सरकारच्या टेबलावर आपली फाईल जिवंत ठेवणे, ही दोन कामे घरच्यांवाचून कोणी करत नाही.

आधी पासपोर्ट पाहावा

सगळ्यात आधी एकच प्रश्न सोडवावा: अडकलेला माणूस कायद्याने कोणत्या देशाचा नागरिक आहे? आपल्याकडे ‘मुलाकडे डबल सिटिझनशिप आहे’ असे कौतुकाने सांगितले जाते, पण भारताच्या बाबतीत ते जवळजवळ नेहमीच चुकीचे असते. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार जो भारतीय स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतो, त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. त्याच्याजवळच्या ओसीआय (‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’) कार्डाच्या नावात ‘सिटिझन’ हा शब्द असला, तरी त्या कार्डाने भारतात येण्याजाण्याची आणि राहण्याची सोय होते, परदेशी तुरुंगात भारतीय वकिलातीचे संरक्षण मागण्याचा हक्क मिळत नाही. नाव ठेवणाऱ्याने फारच उदार मनाने ठेवले आहे, एवढेच म्हणता येईल. एक बारीक अपवाद लहान मुलांचा आहे. जन्माने परदेशी नागरिक असलेले मूल कायद्याच्या कलम ४ नुसार काही काळ भारतीयही असू शकते, मात्र सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत त्याने परके नागरिकत्व सोडले नाही तर भारतीय नागरिकत्व जाते.

याचा व्यवहारातला अर्थ असा की, मुलाकडे ब्रिटिश पासपोर्ट असेल आणि तो तिसऱ्याच देशात पकडला गेला असेल, तर पहिले निवेदन दिल्लीला नव्हे, लंडनच्या परराष्ट्र कार्यालयाला जायला हवे. नागपुरातल्या आईवडिलांनी ते थेट ईमेलने पाठवावे आणि त्याची प्रत मुंबईतल्या ब्रिटिश उपउच्चायुक्तालयाला द्यावी. भारताला सद्भावनेने शब्द टाकायची विनंती करता येते, पण ती जोडवाट आहे. घरच्या कपाटात मुलाचा जुना निळा भारतीय पासपोर्ट पडून असेल, तर ‘हा बघा, तो भारतीयच आहे’ असे म्हणून तो कोणाला दाखवू नये. परके नागरिकत्व घेतल्यावर तो जमा करणे बंधनकारक असते, आणि ज्या देशाने हेरगिरीचा संशय घेतला आहे त्याला दोन पासपोर्टचा माणूस म्हणजे आयता पुरावा वाटतो.

उलट, ग्रीन कार्डावर अमेरिकेत राहणारा नागपूरकर भारतीय नागरिकच असतो. त्याच्यासाठी दिल्लीचा दरवाजा हक्काचा आहेच, शिवाय अमेरिकेचाही थोडा उघडा आहे. परदेशात ओलीस ठेवलेल्या किंवा चुकीने पकडलेल्या अमेरिकींच्या सुटकेसाठी डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत झालेल्या रॉबर्ट लेव्हिन्सन कायद्यात अमेरिकेशी घट्ट संबंध असलेला कायम निवासीसुद्धा ‘अमेरिकी’ या व्याख्येत धरला आहे. हा मुद्दा अनेकांना माहीत नसतो आणि त्यामुळे अर्धी ताकद न वापरताच राहते.

खऱ्या दुहेरी नागरिकत्वाचा पेच आपल्या घरात सुनेच्या किंवा जावयाच्या रूपाने येतो. मुलगा लंडनला, सून इराणमध्ये जन्मलेली आणि ब्रिटिश पासपोर्ट असलेली, आणि ती आईवडिलांना भेटायला तेहरानला गेलेली, असे समजा. १९३० च्या हेग कराराच्या कलम ४ मध्ये असे आहे की, एखाद्याकडे ज्या दोन देशांचे नागरिकत्व आहे, त्यांपैकी एक देश दुसऱ्याविरुद्ध त्याला राजनैतिक संरक्षण देऊ शकत नाही. इराणच्या नागरी संहितेचे कलम ९८९ तर परवानगीशिवाय घेतलेले परके नागरिकत्व मानतच नाही. त्यामुळे ‘आमच्या नागरिकाला भेटू द्या’ असे लंडनने म्हटले की ‘ती आमची नागरिक आहे’ हे उत्तर तयार असते.

या भिंतीला एक फट आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने २००६ मध्ये केलेल्या मसुद्यात असे म्हटले आहे की, दोनपैकी ज्या देशाशी माणसाचे नाते वरचढ आहे, तो देश दुसऱ्याविरुद्धही दाद मागू शकतो. म्हणून घरच्यांनी पहिल्याच आठवड्यात त्या वरचढ नात्याचे पुरावे गोळा करावेत: नोकरीचे पत्र, करविवरणे, घराचा करारनामा, मुलांच्या शाळेचे दाखले, बँकेची खाती, आणि ती कोणत्या पासपोर्टवर त्या देशात शिरली त्याची नोंद. आपल्या दृष्टीने ही रोजची कागदपत्रे असतात. परराष्ट्र कार्यालयातल्या विधी अधिकाऱ्याच्या टिपणीला मात्र त्यांचाच आधार लागतो.

ही मनमानी आहे का, हे प्रामाणिकपणे तपासावे

प्रत्येक अटक मनमानी नसते, आणि नसलेल्या गोष्टीला तसे म्हटल्याने खऱ्या प्रकरणाचे नुकसान होते. दिवाळीला अनारसे करता यावेत म्हणून आईने पुडीत बांधून दिलेली खसखस दुबईच्या विमानतळावर सापडली, तर तिथल्या कायद्याने तो अंमली पदार्थ ठरतो. ही दुर्दैवी अटक आहे, पण ती राजकीय नाही. तिथे चांगला स्थानिक वकील, औषधांच्या चिठ्ठ्या आणि दयेचा अर्ज यांचा उपयोग होतो. परराष्ट्रमंत्र्यांना लिहून फार काही साधत नाही. आखातात चेक न वटल्यामुळे किंवा मालकाशी वाद झाल्यामुळे झालेल्या तक्रारीही याच प्रकारात येतात.

मनमानीची लक्षणे वेगळी असतात. आरोप सांगितला जात नाही किंवा दर महिन्याला बदलतो, वकील निवडू दिला जात नाही, वकिलातीला भेट नाकारली जाते, खटला बंद दाराआड चालतो, आणि त्या माणसाच्या देशाशी पैशाचा, कैद्यांचा किंवा धोरणाचा काहीतरी हिशेब थकलेला असतो. अमेरिकेच्या लेव्हिन्सन कायद्यात अशा ११ कसोट्या दिलेल्या आहेत. अटक ‘चुकीची’ ठरली की प्रकरण वकिलातीच्या नेहमीच्या अधिकाऱ्यांकडून ओलिसांच्या सुटकेसाठीच्या विशेष दूताकडे जाते, आणि तिथे वाटाघाटीची मुभा असते. आपले प्रकरण अमेरिकेचे नसले तरी त्या कसोट्या समोर ठेवून एकेक मुद्द्याखाली काय ठाऊक आहे ते लिहून काढावे. कोणत्याही देशाच्या अधिकाऱ्याला त्या भाषेत मांडलेले प्रकरण लवकर कळते.

पहिले तीन दिवस

वकिलातींच्या कामाविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराचे कलम ३६ हा या सगळ्याचा पाया आहे. परदेशी नागरिकाला पकडल्यावर त्याला त्याच्या वकिलातीला कळवण्याचा हक्क आहे हे विनाविलंब सांगितले पाहिजे, आणि वकिलातीच्या अधिकाऱ्याला भेटीचा व वकील नेमून देण्याचा हक्क आहे, असे ते कलम सांगते. मात्र त्यात एक अट दडलेली आहे: कैद्याने स्वतः मागणी केली तरच कळवण्याचे बंधन लागू होते. म्हणून त्याच्यापर्यंत पोहोचणाऱ्या पहिल्या माणसाकडून, मग तो वकील असो, कंपनीचा प्रतिनिधी असो वा शेजारच्या कोठडीतून सुटलेला एखादा मल्याळी, एकच निरोप जाऊ द्यावा: ‘माझ्या वकिलातीला कळवा, असे लेखी मागा.’

भारतीय नागरिकासाठी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. २०१५ पासून ते चालू आहे आणि त्यावर मिळणारा क्रमांक पुढच्या प्रत्येक पत्रात लिहायचा असतो. त्याच दिवशी संबंधित देशातल्या भारतीय दूतावासाला ईमेल आणि फोन, दोन्ही करावेत. वेळेचे भान ठेवावे. दोहाचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास आणि तेहरानचे दोन तास मागे आहे, आणि शुक्रवारी दोन्हीकडे कार्यालये बंद असतात. पैशाची खरोखर अडचण असेल, तर दूतावासाकडील भारतीय समुदाय कल्याण निधीतून वकिलासाठी मदत मिळू शकते. ती आर्थिक स्थिती पाहून देतात, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला सोबत जोडावा.

आता नावाकडे वळतो, कारण माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त दिवस इथे वाया जातात. मराठी माणसाच्या नावात वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव मध्ये असते, लग्नानंतर मुलीचे आडनाव आणि कधी पाळण्यातले नावही बदलते, आणि आधारवर एक, पासपोर्टवर दुसरे, पदवीवर तिसरे स्पेलिंग असते. त्यात परदेशी तुरुंगाची नोंदवही अरबीत असते. अरबीत ‘प’ हे अक्षर नाही, त्यामुळे ‘पाटील’ लिहिताना ‘बातील’ होते आणि ते परत इंग्रजीत आले की आपल्या दूतावासाच्या यादीशी जुळत नाही. एका प्रकरणात तुरुंगाने ‘अशा नावाचा कैदी आमच्याकडे नाही’ असे तीनदा कळवले होते आणि माणूस तिथेच होता. म्हणून निवेदनाच्या पहिल्या पानावर नावाची सगळी संभाव्य रूपे, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि अलीकडचे छायाचित्र द्यावे. ओळख नावापेक्षा पासपोर्ट क्रमांकावरून पटते.

आणखी एक अडचण गोपनीयतेच्या कायद्यांची आहे. कैद्याच्या संमतीशिवाय त्याची माहिती द्यायला अनेक देशांत मनाई असते, आणि ब्रिटन-अमेरिकेचे अधिकारीही ‘त्याने लेखी परवानगी दिली आहे का’ असे थेट आईला विचारतात. आईला हा अपमान वाटतो. तो अपमान गिळून, पहिल्याच वकिलातीच्या भेटीत संमतीपत्रावर सही घ्या आणि त्यात कोणाकोणाला माहिती द्यायची त्यांची नावे घाला, असे अधिकाऱ्याला लिहून कळवावे.

फाईल कशी ठेवावी

घरातल्या एकाच व्यक्तीला प्रवक्ता आणि एकालाच लेखनिक नेमावे. लेखनिकाने एक जाड वही घ्यावी, मोबाइलमधल्या नोंदींवर विसंबू नये. नोंद अशी असावी: ‘मंगळवार, सायंकाळी ५.२०, दूतावासातून फोन, द्वितीय सचिव बोलले, भेटीची परवानगी दोनदा मागितली असून उत्तर नाही, पुढचा फोन शुक्रवारनंतर.’ कोण, कधी, काय म्हणाले आणि पुढची तारीख कोणती, एवढे चार खांब पुरतात. सहा महिन्यांनी तिथला अधिकारी बदलून नवा येतो, तेव्हा त्याच्यापेक्षा तुमच्या वहीला जास्त माहिती असते.

प्रत्येक निवेदन एका पानाचे असावे. त्यात एकच मागणी असावी आणि ती अशी असावी की अधिकाऱ्याला ‘केले’ किंवा ‘नाही केले’ असे उत्तर देता येईल. ‘माझ्या मुलाला वाचवा’ या वाक्यावर कोणताही लिपिक टिपणी लिहू शकत नाही. ‘वकिलातीच्या भेटीसाठी त्या देशाच्या परराष्ट्र मंत्रालयाला लेखी विनंती केली का आणि कोणत्या तारखेला, हे कळवावे’ यावर लिहू शकतो. पत्र स्पीड पोस्टने पाठवावे, पावती वहीत चिकटवावी, आणि दिल्लीला हाती देणार असाल तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. ‘ठेवून जा, साहेबांना देतो’ या वाक्यावर विश्वास ठेवल्यामुळे एका कार्यालयात माझ्याच हातचे एक निवेदन पाच आठवडे गहाळ झाले होते, आणि जन्मभर आवक सांभाळलेल्या माणसाला ती चूक शोभत नव्हती.

परदेशी वकिलासाठी मुखत्यारपत्र लागते. ते इथे नोटरीकडून करून, राज्य शासनाच्या प्रमाणनानंतर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल (करारातल्या सर्व देशांत चालणारे प्रमाणपत्र) किंवा, तो देश अपोस्टिल करारात नसेल तर, त्या देशाच्या वकिलातीचे साक्षांकन घ्यावे लागते. यात दिवस जातात, म्हणून पहिल्या आठवड्यातच कागद सुरू करावा. इराणमध्ये सुरक्षेच्या खटल्यांत तपासाच्या टप्प्यावर न्यायसंस्थेच्या प्रमुखाने मान्य केलेल्या यादीतलाच वकील चालतो. तेव्हा नामवंत वकिलाला आगाऊ फी भरण्यापूर्वी त्याला कोठडीत प्रवेश आहे का, एवढे विचारावे.

नागपुरातून काय हलवता येते

परराष्ट्र व्यवहार हा संविधानाच्या संघसूचीतला विषय आहे. त्यामुळे डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरले म्हणून विधानभवनावर मोर्चा नेला, तर तो मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडेल, फार तर एखादे शिष्टमंडळ आत जाईल आणि मुख्यमंत्र्यांचे शिफारसपत्र मिळेल. ते पत्र घ्यावे, उपयोगी पडते. पण त्याला निकाल समजू नये.

खासदारांची गोष्ट वेगळी आहे, आणि त्यातही एक खोच आहे. नागपूरचे खासदार २०१४ पासून केंद्रात मंत्री आहेत. मंत्र्याचे पत्र परराष्ट्रमंत्र्यांच्या टेबलावर लवकर पोहोचते, पण मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाहीत. म्हणून पत्र नागपूरच्या खासदारांकडून आणि प्रश्न रामटेकच्या किंवा राज्यसभेतल्या सदस्याकडून, अशी विभागणी करावी. लोकसभेत प्रश्नासाठी पूर्ण १५ दिवसांची सूचना लागते, तेव्हा अधिवेशनाच्या तारखा पाहून आधीच जावे. सदस्याच्या स्वीय सहायकाला प्रश्नाचा मसुदा तयार करून द्यावा, तोही तीन ओळींचा. सध्या परदेशी तुरुंगांत दहा हजारांहून अधिक भारतीय आहेत, असे सरकारच संसदेत सांगते. त्या गर्दीतून आपले प्रकरण वेगळे उठून दिसावे, हा प्रश्न विचारण्यामागचा हेतू असतो. उत्तरात सहसा नवे काही नसते, पण ते लिहिण्यासाठी फाईल वर मागवली जाते, आणि तीच आपल्याला हवी असते.

माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. व्यक्तीच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी, असे कायद्याच्या कलम ७ मध्ये आहे आणि अर्जात तसे स्पष्ट लिहावे. वाटाघाटींचा तपशील मात्र परराष्ट्र संबंधांच्या कारणाने नाकारला जाईल. म्हणून तपशील मागू नये, किती वेळा व कोणत्या तारखांना भेटीची मागणी केली, इतकेच विचारावे.

सिव्हिल लाइन्समधल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठात याचिका करावी का, हा प्रश्न सर्वजण विचारतात. परदेशी तुरुंग न्यायालयाच्या कक्षेबाहेर असल्याने ‘हजर करा’ असा आदेश तिथे चालत नाही. केंद्र सरकारने आमच्या निवेदनावर ठराविक मुदतीत निर्णय घ्यावा आणि काय पावले उचलली ते सांगावे, अशी संविधानाच्या अनुच्छेद २२६ खालची मागणी करता येते. परराष्ट्र धोरणात न्यायालय हात घालत नाही, हे ओळखूनच याचिका लिहावी. माझ्या मते ती तीन-चार महिने सरकार खरोखर हललेच नाही तेव्हाच करावी. दूतावास धडपडत असताना त्याला प्रतिवादी केले, तर अधिकारी बोलायचे थांबतात.

सरकारे माणूस कसा सोडवतात

मार्ग मोजकेच आहेत, आणि आपल्या प्रकरणात कोणता चालू शकेल याचा अंदाज घरच्यांना असावा. पहिला मार्ग न्यायालयाचा. कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानने मार्च २०१६ मध्ये पकडले आणि एप्रिल २०१७ मध्ये फाशी सुनावली, तेव्हा भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. भारताची बाजू मांडणारे हरीश साळवे नागपुरात वाढलेले आणि इथेच कायदा शिकलेले, आणि त्यांनी फी घेतली ती एक रुपया. १७ जुलै २०१९ रोजी १५ विरुद्ध १ मतांनी निकाल लागला की पाकिस्तानने व्हिएन्ना कराराचे कलम ३६ मोडले आहे. फाशीला स्थगिती राहिली, फेरविचाराचा आदेश झाला. सुटकेचा मात्र झाला नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालय कुठवर पोहोचते, हे या निकालावरून ओळखावे.

दुसरा मार्ग नेत्यांच्या पातळीवरच्या शांत बोलण्याचा. कतारने ऑगस्ट २०२२ मध्ये भारतीय नौदलाच्या आठ माजी कर्मचाऱ्यांना पकडले, आरोप जाहीर केले नाहीत, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये फाशी सुनावली. अपील दाखल झाले, डिसेंबरात दुबईच्या हवामान परिषदेत पंतप्रधान कतारच्या अमीरांना भेटले, महिनाअखेर फाशीची कैद झाली, आणि १२ फेब्रुवारी २०२४ रोजी सुटका जाहीर झाली तेव्हा आठांपैकी सात जण भारतात परतले होते. न्यायालयीन आणि राजनैतिक पाठपुरावा एकाच वेळी चालू होता, हे इथे लक्षात घेण्यासारखे आहे.

तिसरा मार्ग देण्याघेण्याचा, आणि दुहेरी नागरिकांच्या बाबतीत बहुतेकदा गाडी इथेच येऊन थांबते. नाझनीन झाघरी-रॅटक्लिफ ही ब्रिटिश-इराणी महिला एप्रिल २०१६ मध्ये तेहरानच्या विमानतळावर पकडली गेली, सोबत बावीस महिन्यांची मुलगी होती. ब्रिटनने मार्च २०१९ मध्ये तिला औपचारिक राजनैतिक संरक्षण दिले, म्हणजे तिचे प्रकरण हा दोन राष्ट्रांमधला वाद मानला. तरी १६ मार्च २०२२ रोजी ती सुटली ती इराणने शहाच्या काळात मागवलेल्या आणि न पोहोचवलेल्या रणगाड्यांचे सुमारे ३९ कोटी पौंडांचे देणे ब्रिटनने फेडल्यावर. सप्टेंबर २०२३ मध्ये पाच अमेरिकी सुटले तेव्हा दक्षिण कोरियात गोठलेले इराणचे ६ अब्ज डॉलर कतारला हलवले गेले. असे केल्याने पुढच्या अटकांना उत्तेजन मिळते, हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच कॅनडाच्या पुढाकाराने फेब्रुवारी २०२१ मध्ये मनमानी अटकांविरुद्ध जाहीरनामा निघाला, ज्यात आता सत्तरहून अधिक देश आहेत. पण ज्याचा मुलगा आत आहे, त्या बापाने हा वाद धोरण आखणाऱ्यांवर सोडावा. त्याने ओमान, कतार, स्वित्झर्लंड यांच्यासारख्या मध्यस्थ देशांना निवेदनाची प्रत जाईल एवढे पाहावे.

अदलाबदलीची बोलणी चालू असल्याची कुणकुण लागली की सर्वांत मोठा धोका यादीतून नाव गळण्याचा असतो. सियामक नमाझी हा इराणी-अमेरिकी जानेवारी २०१६ च्या अदलाबदलीतून वगळला गेला आणि आणखी साडेसात वर्षे आत राहिला. स्वीडिश-इराणी डॉक्टर अहमदरझा जलाली यांना जून २०२४ मध्ये दोन स्वीडिश नागरिक सुटले तेव्हा मागेच ठेवले गेले. त्या काळात दर आठवड्याला, शांतपणे, एकच प्रश्न लेखी विचारावा: ‘यादीत नाव आहे ना?’

बोलावे की गप्प राहावे

याचे एक उत्तर नाही. झाघरी-रॅटक्लिफ यांच्या पतीने रस्त्यावर उपोषणे केली आणि प्रकरण विसरू दिले नाही. कतारच्या आठांच्या कुटुंबांनी बहुतांशी मौन पाळले. माझा कल असा की पहिले काही आठवडे मौन ठेवावे, मात्र त्याला तारीख घालावी आणि ती दूतावासाला सांगावी. त्या तारखेपर्यंत भेट किंवा आरोपपत्र, काहीच झाले नाही, तर पत्रकारांशी बोलायला हरकत नसावी.

बोलायचे ठरले की एकच वाक्य ठरवावे आणि घरातल्या सर्वांनी तेच म्हणावे. नोव्हेंबर २०१७ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन संसदीय समितीसमोर बोलता बोलता म्हणून गेले की नाझनीन तिथे पत्रकारिता शिकवत होती. ते चुकीचे होते, ती माहेरी सुट्टीला गेली होती. तीनच दिवसांत तिला न्यायालयात उभे करून ते वाक्य तिच्याविरुद्ध वापरले गेले. मंत्र्याची ही गत, तर आपल्या मावसभावाने कौतुकाने टाकलेल्या ‘आमचा दादा डिफेन्सच्या प्रोजेक्टवर होता’ या पोस्टची काय कथा! नातेवाइकांच्या ग्रुपवर पासपोर्टचे फोटो फिरवणे त्याच दिवशी थांबवावे.

तुरुंगातून फोन आला तर तो ऐकला जातो आहे असे धरूनच बोलावे. तब्येत, औषधे, वकिलाचे नाव, वकिलातीचा अधिकारी भेटला का, एवढे चार प्रश्न फोनजवळ कागदावर लिहून ठेवावेत. सांकेतिक शब्द वापरू नयेत. भाषेचाही विचार आधी करावा. २५ डिसेंबर २०१७ रोजी जाधव यांची आई आणि पत्नी इस्लामाबादला काचेपलीकडून त्यांना भेटल्या, तेव्हा भेटीपूर्वी मंगळसूत्र, बांगड्या, टिकली उतरवायला लावली गेली आणि आईने मराठीत बोलायला सुरुवात केली की तिला वारंवार अडवले गेले, हे परराष्ट्र मंत्रालयाने दुसऱ्या दिवशी जाहीर केले. तसा प्रसंग आपल्यावर आला, तर आईच्या तोंडी आधीच दोन-तीन हिंदी वाक्ये बसवून ठेवावीत. मराठीचा आग्रह धरून मिळालेली पाच मिनिटे घालवण्यात अर्थ नाही.

जिनिव्हाचा अर्ज आणि पैसे मागणारे फोन

संयुक्त राष्ट्रांचा जिनिव्हातला मनमानी अटकेविषयीचा कार्यगट १९९१ पासून काम करतो. तिथे कुटुंबीय थेट अर्ज करू शकतात, शुल्क नाही, आणि त्या देशातली अपिले संपेपर्यंत थांबावे लागत नाही. संबंधित सरकारला उत्तरासाठी साधारण ६० दिवस दिले जातात. मत बंधनकारक नसते, पण ‘अटक मनमानी आहे’ असे तिथून आलेले लेखी मत हाती असले की आपल्या परराष्ट्र अधिकाऱ्याला पुढच्या बैठकीत मांडायला मुद्दा मिळतो. अर्ज इंग्रजीत करावा. तारखांची वही नीट असेल तर एका आठवड्यात होतो.

प्रकरण वर्तमानपत्रात आले की दहा दिवसांच्या आत कोणीतरी फोन करतो: तुरुंगाधिकारी ओळखीचा आहे, अमुक इतके पाठवा, परवा सुटेल. पाठवू नये, आणि त्या फोनची तारीख व क्रमांक वहीत नोंदवून दूतावासाला कळवावे. खरा दंड भरायचा असतो तेव्हा त्याची लेखी मागणी न्यायालयाकडून येते.

शिक्षा कायम झाली असेल, तर कैद्यांच्या हस्तांतराविषयीच्या २००३ च्या कायद्याखाली भारतात उरलेली शिक्षा भोगण्यासाठी हस्तांतराचा मार्ग आहे, त्या देशाशी करार असल्यास. मात्र त्यासाठी अपील प्रलंबित असून चालत नाही, म्हणजे निर्दोष असल्याचा दावा तिथे सोडावा लागतो. हा निर्णय कैद्याने स्वतः घ्यावा, घरच्यांनी नव्हे.

सुटकेची बातमी आल्यावर तीन गोष्टी दूतावासाकडून लेखी मागाव्यात: प्रवासबंदी उठली आहे का, दंड बाकी आहे का, आणि पासपोर्ट परत मिळाला आहे का, नसेल तर भारतीय नागरिकाला आपत्कालीन प्रमाणपत्रावर एकदाच परतता येते. झाघरी-रॅटक्लिफ यांनी पुढे सांगितले की विमानात चढण्यापूर्वी शेवटच्या घटकेलाही त्यांच्याकडून कबुलीजबाबावर सही घेतली गेली. म्हणून विमान त्या देशाच्या हद्दीबाहेर गेल्याचे दूतावासाने कळवेपर्यंत ग्रुपवर ‘सुटला’ असे लिहू नये, आणि पेढ्यांची ऑर्डरही देऊ नये.